एका शब्दाचें कुळ

आमच्या घरीं रात्रीं पानें वाढलीं कीं मुलांच्या शंकांनाही पंक्तींत जागा मिळते. एकदां पुतण्यानें विचारिलें, "काका, वेल्स देशांत जुन्या जहागिरीला 'माइनोर' म्हणत, तो शब्द कोठून आला?" आम्हीं घास न थांबवितां सांगून टाकिलें कीं, १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकिलें, त्यांचा 'मॅनर' वेल्श लोकांनीं उचलिला. आपलीं 'वतन', 'इनाम', 'जहागीर' हीं नाहीं का राज्यकर्त्यांबरोबर आलीं? सारी पंक्ति आमच्या विद्वत्तेवर प्रसन्न झाली.

पुढें सहज ग्रंथ चाळले आणि आमचा चेहरा उतरला. इंग्लंडांतील लिचफील्ड येथील प्रार्थनामंदिरांत शुभवर्तमानांचें एक प्राचीन हस्तलिखित आहे. त्याच्या समासांत एका प्रदेशाच्या चतुःसीमा नोंदतांना हाच शब्द जुन्या रूपांत आला आहे, आणि ती नोंद नॉर्मन स्वारीच्या पूर्वींची आहे! 'मॅनर'चें मूळ 'राहणें' या अर्थाच्या लॅटिन धातूंत. 'माइनोर' मात्र 'माइन', म्हणजे दगड, या वेल्श शब्दापासून झाला असें सामान्यतः मानितात.

अर्थही निराळा. मॅनर म्हणजे एका धन्याची जमीन व तिजवरील त्याचा अधिकार. माइनोर म्हणजे राजाला अन्नधान्याचा कर देणारा गांवांचा समूह. दहाव्या शतकांतील हवेल राजाच्या नांवानें चालत आलेल्या कायद्यांत उत्तरेकडे चार गांवांचा, तर दक्षिणेकडे सखल भागांत सात व डोंगराळ भागांत तेरा गांवांचा एक समूह सांगितला आहे. पुढें नॉर्मन सरदार आले आणि उच्चारसाम्यामुळें दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. दिसण्यांत सारखे, पण कुळें वेगळीं!

दुसऱ्या रात्रीं पंक्तींत सर्वांसमक्ष आम्हीं चूक कबूल केली. मुलें हंसलीं, मातुश्री मात्र म्हणाल्या, "चुकलास तें बरें झालें, आतां पोरें विचारायला भिणार नाहींत." आमचें खरें चुकलें तें शब्दांत नव्हे, समजुतींत. जिंकणाऱ्यानें द्यावें आणि हरणाऱ्यानें घ्यावें, हें आम्हीं न तपासतां गृहीत धरिलें होतें. लहान राष्ट्राच्या पदरींही स्वतःचा शब्द असूं शकतो, हें त्या चार अक्षरांनीं आम्हांस शिकविलें.