नोटीस साधीच बरी

दिवसभर मरोळच्या ऑफिसात मी मेलर बनवतो. वर लोगोचा पट्टा, मध्ये फोटो, खाली केशरी बटण. संध्याकाळी मुलुंडला उतरलो की मी आमच्या सोसायटीचा सचिव. तिथे मात्र माझ्या मेलमध्ये एकही रंग नसतो, आणि त्यावरून कमिटीत माझी चेष्टा ठरलेली. "डिझायनर आपल्याच बिल्डिंगमध्ये, आणि नोटीस तारेसारखी कोरडी!"

सजवलेला मेल आतून बघितला, तर कोणी चेष्टा करणार नाही. तो एचटीएमएलमध्येच असतो, पण वेबसाइटवर चालतं ते इथे चालेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टने आउटलुक 2007 पासून मेल दाखवायचं काम वर्डच्या गळ्यात घातलं, आणि आम्ही टेबलात टेबल कोंबत बसलो. मेल साधारण 102 केबीच्या पुढे गेला की जीमेल उरलेला भाग कापतं. कितीतरी ठिकाणी चित्रं आधी उघडतच नाहीत. एवढं सगळं सांभाळलं, तरी घाटकोपरला मेट्रोत लोंबकळणाऱ्या माणसाला मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये काय दिसतं? "हा मेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा."

मराठीला एके काळी ही सजावट नाइलाजाने करावी लागे. युनिकोड रुळण्याआधी आपण श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत लिहायचो. कॉम्प्युटरच्या लेखी ती रोमन अक्षरं आणि चिन्हंच. मराठी दिसायचं ते फॉन्टमुळे. साध्या मजकुरासोबत फॉन्टचं नाव जात नाही, म्हणून मेल एचटीएमएलमध्ये पाठवायचा. आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की नुसती गिचमीड. आता ती गरजच उरलेली नाही. 'सभा' हा शब्द घ्या. स, भ आणि काना अशी तीन चिन्हं. यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकी 3 बाइट, म्हणजे 9. मेलची वाहतूक 1982 च्या नियमांत सात बिटांच्या इंग्रजीपुरती आखलेली, म्हणून वाटेत त्या 9 बाइटांची बेस64 पद्धतीने 12 रोमन अक्षरं होतात आणि पलीकडे पुन्हा 'सभा' उमटते. 1992 साली आलेल्या माइम नियमांची ही करामत. साधी आणि सजवलेली अशा दोन्ही प्रती एकाच मेलमध्ये घालायची सोयही त्यांचीच. ऑफिसात मी दोन्ही पाठवतो, आणि साधी प्रत स्वतः लिहितो. सॉफ्टवेअरने आपोआप काढलेल्या प्रतीत नुसत्या लिंकांची रांग उरते.

साध्या मजकुराचा मी सोवळेकरी नाही. मेंटेनन्सच्या थकबाकीचा तक्ता स्पेस मारून जुळवून बघा. देवनागरीत अक्षरागणिक रुंदी बदलते, त्यात जोडाक्षरं. मोबाइलवर नावातला 'ळे' कुठे आणि रुपये कुठे! तिथे एचटीएमएलचं टेबलच हवं, तेही कमीत कमी रेघांचं.

पण वार्षिक सभेच्या नोटिशीत असतं काय? वार, तारीख, वेळ, गच्ची की हॉल, आणि विषयपत्रिका. ती 14 पूर्ण दिवस आधी सभासदाच्या हाती पडायला हवी, आणि पुढच्या वर्षी लिफ्टच्या ठरावावरून भांडण पेटलं की 'लिफ्ट' टाइप करून सापडायलाही हवी. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ती वाचून दाखवतो. साध्या मजकुरात लिंकचा पत्ताही उघडा असतो. केवायसीच्या नावाने गंडवणाऱ्यांना बटणामागे दडायला जागा मिळत नाही. चारही कोपऱ्यांत झेंडूची तोरणं लावलेली जेपीजी नोटीस यातलं काय करते? व्हॉट्सॲपवर छान दिसते, एवढंच.

सप्टेंबर संपायच्या आत तुमच्याही सोसायटीची सभा लागेलच. सचिव मंडळी, तोरणं हवीच असतील तर ती जेपीजी खुशाल सोबत जोडा. पण नोटीस मेलमध्ये टाइप करा, आणि तारीख-वेळ पहिल्याच ओळीत येऊ द्या.