चिमण्या आगगाड्यांच्या गांवीं

आगगाडीचें वेड लागलेलें एखादें तरी मूल बहुतेक प्रत्येक घरांत असतें. आमच्या पनवेलच्या घरांत तीं दोन आहेत. एकाचें वय तेरा व दुसऱ्याचें शहाऐंशी! तेरा वर्षांचा तो माझा पुतण्या, आणि शहाऐंशी वर्षांचे ते आमचे वडील. त्यांना सारें घर नाना म्हणतें. नानांची उभी हयात रेल्वेच्या नोकरींत गेली, आणि त्यांतलीं बरींच वर्षें केबिनींत लिव्हर ओढण्यांत. पुतण्यानें सणासुदीला मिळालेले पैसे सांठवून छोट्या रुळांचा एक संच घेतला होता, आणि माजघरांतील पाटाखालून त्याची गाडी दिवसभर ये-जा करीत असे.

यंदाच्या सहामाही परीक्षेंत त्याला गणितांत पस्तीस गुण पडले, तेव्हां दादांनीं ती पेटी उचलून माळ्यावर ठेवून दिली. दादांचा राग अगदींच अनाठायीं होता असें मी म्हणणार नाहीं. परंतु त्या दिवसापासून मुलाचें बोलणें कमी झालें, एवढें खरें. वहिनी दादांच्या पक्षाच्या, मी नेहमींप्रमाणें तटस्थ. नाना मात्र कांहींच बोलले नाहींत. दिवाळीच्या सुटींत एके दिवशीं पानावर बसले असतां ते एवढेंच म्हणाले, "पुण्यास जोशांचें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय आहे म्हणतात. डोळे धड आहेत तोंवर एकदां पाहून येईन म्हणतों."

आई गेल्यापासून तीन वर्षें नाना गांवाबाहेर पडले नव्हते. त्यांना नाहीं म्हणण्याचें धैर्य कोणालाच झालें नाहीं. दादांनाही नाहीं.

पनवेलकरांना आगगाडीचें अप्रूप कां वाटावें, हें बाहेरच्यांस सांगितल्याशिवाय कळावयाचें नाहीं. मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी १८५३ सालीं धांवली. बोरघाट चढून गाडी १८६३ सालीं वर गेली. पण आमच्या गांवीं रूळ पोंचावयास १९६४ साल उजाडलें. दिवा-पनवेल मार्ग सुरू होईपर्यंत आम्ही मोटारीचे प्रवासी. पुढें १९९८ सालच्या जानेवारींत कोंकण रेल्वे संपूर्ण झाली, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें मुंबईची लोकल पनवेलास आली. योगायोग असा कीं, ज्या संग्रहालयास आम्ही निघालों होतों तेंही त्याच वर्षीं, १ एप्रिल रोजीं लोकांस खुलें झालें.

कर्जतमार्गें रूळ झाल्यापासून आम्हांस पुण्यास जाण्याकरितां कल्याणचा वळसा पडत नाहीं. कर्जतास गाडी थांबली, वडे आले, आणि मागून एंजिनें जोडल्याचा धक्का बसला. "सदतीस पावलें चालावें आणि एक पाऊल वर चढावें, असा हा चढ आहे," नाना नातवास म्हणाले. "पुढच्या एंजिनाला ओढवत नाहीं, म्हणून मागचीं ढकलतात. पूर्वीं तर खंडाळ्याजवळ गाडीचें तोंडच फिरवावें लागे." मुलानें वडा हातांतच धरून खिडकींतून तो चढ पाहिला. दादा वर्तमानपत्र वाचीत होते.

कोथरुडांतील तें संग्रहालय बाहेरून पाहतां एखाद्या कारखान्याच्या इमारतीसारखें साधें दिसतें. कै. भाऊ जोशी यांनीं छंद म्हणून जो खेळ आरंभिला, त्याचें हें फळ. आंत शिरल्यावर प्रथम दिसतें तें एक सबंध गांव: घरें, पूल, रस्त्यावरचे दिवे, सर्कशीचा तंबू, पोहण्याचा तलाव, आणि या सर्वांमधून वळसे घेत जाणारे रूळ. खेळ सुरू झाला कीं निवेदन ऐकूं येतें, दालनांतला उजेड हळूहळू मावळतो, गांवांत रात्र होते, बोटाएवढ्या खांबांवर दिवे लागतात, आणि उजळलेल्या डब्यांच्या गाड्या एकामागून एक निघतात. लहान मुलें "आली, आली!" म्हणून ओरडतात, आणि थोर माणसेंही पुढें वांकतात.

नाना मात्र गाडीकडे पाहतच नव्हते. त्यांची दृष्टि सिग्नलावर होती. "पाहिलेंस?" ते नातवास म्हणाले, "गाडीपेक्षां रस्ता महत्त्वाचा. आमच्या केबिनींत आधीं सांधा बसवावा, त्याला कुलूप घालावें, आणि मगच सिग्नलाचा लिव्हर हलावयाचा. सांधा चुकला असेल तर कितीही जोर केला तरी तो हलत नसे. माणूस चुकेल हें धरूनच तें यंत्र केलेलें होतें." हें सांगतांना त्यांचा उजवा हात आपोआप मुठींत वळला आणि मागें आला. तीन वर्षांत त्यांना इतकें बोलतांना मीं पाहिलें नव्हतें.

खेळ संपल्यावर मुलानें एक शंका काढली. अशा प्रतिकृतींचें जगांत सर्वांत रूढ असलेलें प्रमाण सत्त्याऐंशीस एक असें आहे, आणि त्यांच्या दोन रुळांमधील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. "साडेसोळा गुणिले सत्त्याऐंशी म्हणजे सुमारें १४३५," तो बोटें मोडीत म्हणाला. "पण नाना, आपले रूळ तर १६७६ मिलिमीटरांचे. म्हणजे आपल्या गाडीला या मापानें एकोणीसाहून थोडें अधिक अंतर पाहिजे. हे रूळ विलायती मापाचे झाले!" नानांनीं विचारलें, "बरें, १२० टनांचें एंजिन या मापानें केवढ्या वजनाचें होईल?" मुलानें आधीं सत्त्याऐंशीनें भागलें. मग थबकला. "नाहीं, लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही लहान झालीं. तीन वेळां भागावें लागेल." तिकिटाच्या पाठीवर त्यानें ६,५८,५०३ हा आंकडा मांडला, आणि उत्तर काढलें १८२ ग्रॅम. दादांनीं तें तिकीट त्याच्या हातांतून घेतलें, खिशांतील पेनानें पुन्हां हिशेब करून पाहिला, आणि कांहीं न बोलतां परत दिलें.

हा छंद आज केवळ पोरखेळ राहिलेला नाहीं. १८९१ सालीं जर्मनींतील मेर्कलिन या कंपनीनें लाइप्झिगच्या जत्रेंत ठराविक मापाचे रूळ विक्रीस मांडले, आणि एकाचा डबा दुसऱ्याच्या रुळावर चालूं लागला. तेथून या व्यापारास बळ आलें. न्यूरेंबर्ग येथें १९५० पासून खेळण्यांची मोठी व्यापारी जत्रा भरते. हांबुर्ग शहरांत २००१ सालीं उघडलेलें असेंच एक प्रदर्शन पाहण्यास जगभरचे लोक जातात. त्यामानानें कोथरुडचें दालन लहान. परंतु तें एका मराठी गृहस्थाच्या चिकाटीनें उभें राहिलें आहे, ही गोष्ट मला मोठी वाटते.

वहिनींनीं मात्र निघतांना वेगळाच प्रश्न केला. "हीं एवढालीं घरें आणि एवढे रूळ रोज पुसतें कोण?" आम्ही हंसलों, पण प्रश्न मार्मिक होता. रुळावर किंचित् धूळ बसली तरी वीज पोंचत नाहीं आणि गाडी अडते. पाहुण्यांना दिसते ती अर्ध्या तासाची मौज. तिच्यामागें रोजची झाडपूस आणि दुरुस्ती असते, हें घर चालविणाऱ्या बाईच्याच ध्यानांत प्रथम यावें, यांत नवल तें काय?

परतीच्या गाडींत नाना खिडकीशीं बसल्या बसल्या झोंपीं गेले. पुतण्या त्यांच्या खांद्याला टेकून ते तिकीट उलटून पालटून पाहत होता. घाट उतरतांना दादा हळूच मला म्हणाले, "गणित त्याला येतच नाहीं, अशी माझी समजूत झाली होती."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्नानसंध्या आटोपून दादा शिडी लावून माळ्यावर चढले. पेटी खालीं आली. "आधीं रोज दहा उदाहरणें, मग गाडी," असें त्यांनीं बजावलें. वहिनींनीं एक स्वच्छ फडकें आणून मुलाच्या हातांत दिलें आणि सांगितलें, "आणि रूळ तुझे तूंच पुसायचे." नानांनीं पाट ओढून माजघराच्या मध्यभागीं बैठक मारली. प्रथम सांधा नीट बसला आहे कीं नाहीं, हें त्यांना पाहावयाचें होतें.