राफ्ट उघडला पाहिजे

खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा पीकॉक बे आहे. तिन्ही दलांचे छात्र तिथे शिडाची होडी हाकायला शिकतात. होडी उलटली तर ती सोडायची नाही, हा तिथला पहिला धडा. चांगलं पोहता येतं म्हणून किनाऱ्याकडे हात मारत सुटायचं नाही. पालथ्या होडीला धरून राहायचं आणि तिला सरळ करायचं. पुढे नौदलातून निवृत्त होऊन मी जीवरक्षक साधनांच्या तपासणीत उतरलो. मोठ्या यॉटवरच्या लाइफराफ्टबद्दल, म्हणजे संकटात फुगणाऱ्या तराफ्याबद्दल बोलतानाही मी सुरुवात याच धड्यापासून करतो.

ऑगस्ट १९७९मध्ये फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीला वादळाने गाठलं. पंधरा स्पर्धक दगावले. २४ बोटी माणसांनी सोडून दिल्या, पण त्यांतल्या बुडाल्या पाचच. बाकीच्या नंतर तरंगताना सापडल्या. राफ्टमध्ये उतरलेल्या काहींचा मात्र जीव गेला. आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात असेच वादळात सापडले. गोव्यात बांधलेली त्यांची बोट ‘थुरिया’ उलटून सरळ झाली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार बसला. उठताच येत नव्हतं, तिथे राफ्टमध्ये कसे उतरणार? ते बोटीतच पडून राहिले. उपग्रहामार्फत धाडलेला संदेश आणि संकटसूचक बीकन यांमुळे त्यांचा ठावठिकाणा कळला, आणि तिसऱ्या दिवशी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. बोट तरंगते आहे तोवर बोटच सर्वांत मोठा तराफा, हे मी प्रत्येक कप्तानाला सांगतो.

पण काही वेळा बोट अवधीच देत नाही. १९ ऑगस्ट २०२४च्या पहाटे सिसिलीजवळ नांगरलेली ५६ मीटरची ‘बेझियन’ ही यॉट वाऱ्याच्या एका तडाख्यात काही सेकंदांत आडवी झाली. २२ पैकी सात जण गेले. वाचलेले राफ्टमध्ये होते. आडव्या झालेल्या बोटीची एक बाजू पाण्याखाली आणि दुसरी आभाळात असते. म्हणूनच मोठ्या यॉटच्या संहितेत दोन्ही बाजूंना राफ्ट सांगितले आहेत, आणि त्यातल्या लहान यॉटसाठीची अटही नेमकी आहे: कोणताही एक राफ्ट निकामी झाला तरी उरलेल्यांत सगळ्यांना जागा हवी. २४ मीटर आणि त्याहून लांब यॉटसाठी ब्रिटनने १९९७मध्ये केलेली ही संहिता आता रेड एन्साइन ग्रुप यॉट कोड म्हणून चालते. सागर परिक्रमा या जगप्रदक्षिणेतली आपल्या नौदलाची ‘म्हादेई’ जेमतेम १७ मीटरची, म्हणजे या चौकटीबाहेरची. समुद्र मात्र तोच.

राफ्ट पांढऱ्या फायबरच्या डब्यात, पट्ट्याने आवळलेला असतो. पट्टा हायड्रोस्टॅटिक रिलीजला जोडलेला. बोट बुडू लागली की चार मीटर खोली गाठण्याआधीच पाण्याच्या दाबाने त्यातली सुरी दोरी कापते आणि डबा वर येतो. बोट खाली जात राहते, पेंटर नावाची दोरी ताणली जाते, तिच्या ओढीने गॅसच्या सिलिंडरची झडप उघडते आणि राफ्ट फुगतो. शेवटी मुद्दाम कमजोर ठेवलेली ‘वीक लिंक’ तुटते आणि राफ्ट बोटीपासून मोकळा होतो. ही सगळी साखळी एका चुकीच्या गाठीने मोडते. पेंटर वीक लिंकला न बांधता थेट डेकवरच्या कडीला बांधली, तर फुगलेल्या राफ्टला बोट आपल्याबरोबर खाली ओढते. अशी गाठ मी चकचकीत, कोट्यवधींच्या यॉटवर पाहिली आहे. कुठे डबा दिसायला बरा वाटत नाही म्हणून त्यावर झाकण ठोकलेलं असतं, कुठे हलू नये म्हणून वरून आणखी दोन दोर आवळलेले असतात. अशा वेळी माझा आवाज चढतो आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात ‘पी-३०५’ हा बार्ज मुंबई हायजवळ बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. सत्तरहून अधिक परतली नाहीत. बरेच राफ्ट पंक्चर निघाले, असं वाचलेल्यांनी सांगितलं. माझ्या पेशात याहून भयंकर वाक्य नाही.

राफ्ट दर वर्षी सर्व्हिस सेंटरमध्ये उघडावा लागतो. कोरडी हवा भरून तासभर दाब बघतात, सिलिंडर वजन करून पाहतात, शिवणी तपासतात. आतली चार पॅराशूट रॉकेट, सहा हातातले फ्लेअर, दोन धुराचे डबे, माणशी दीड लिटर पाणी, औषधं, बॅटऱ्या या प्रत्येकाची मुदत बघून बदल करतात. रिलीज युनिट दोन वर्षांनी नवीन. खर्च यॉटच्या एका मेजवानीहून कमी येतो.

मुंबई-गोव्यातल्या यॉटमालकांना माझी एक विनंती आहे. यंदा राफ्ट सर्व्हिसिंगला धाडाल तेव्हा कप्तानाला आणि खलाशांनाही सोबत पाठवा. सेंटरला आधी सांगून पेंटर त्यांच्या हाताने ओढू द्या, फुगलेल्या राफ्टमध्ये त्यांना चढायला लावा, पालथा राफ्ट एकट्याने सरळ करायला शिकू द्या. आणि पाहुणे म्हणून यॉटवर जाणाऱ्यांनो, आत शिरण्याआधी त्या पांढऱ्या डब्यावरची पुढच्या सर्व्हिसची तारीख वाचा. उलटून गेली असेल, तर त्या दिवशी जाऊ नका.