चोवीस नोव्हेंबरचे तिघे

आमच्या घरी कालनिर्णयावर आई दुधाचे खाडे मांडायची, गॅसचा नंबर कधी लावला ते लिहायची. नोव्हेंबरच्या पानावर २४ तारखेच्या चौकोनात मात्र माझ्या अक्षरात ‘फ्रेडी’ असायचं. १९९१ साली त्या दिवशी लंडनमध्ये फ्रेडी मर्क्युरी गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. एड्स झाल्याचं त्यानं आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. मी तेव्हा कॉलेजात. नागपुरातल्या बर्डीवरून आणलेली त्याच्या क्वीन बँडची कॅसेट वाजवून वाजवून घासली होती. फ्रेडी म्हणजे फारोख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, तिथल्या ‘हेक्टिक्स’ या पोरांच्या बँडमध्ये पियानो वाजवणारा. हे कळल्यावर तर तो आम्हाला आपल्यातलाच वाटू लागला. पाचगणी नागपूरहून किती लांब, याचा हिशेब त्या वयात कोण करतो!

१९९४ साली शेजारचा चौकोन जड झाला. २३ नोव्हेंबरला, नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन चालू असताना, गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण गेले. त्यात बाया होत्या, लेकरं होती. झिरो माइलजवळ आता त्यांचं स्मारक आहे. पुढच्या वर्षी ‘फ्रेडी’ लिहायला पेन उचललं आणि तसंच ठेवून दिलं. लंडनचा गायक लक्षात ठेवायचा आणि आपल्या गावातली माणसं नाही, हे काही पटेना.

तारीख डोक्यातून गेली नाही ती ड्रममुळे. मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचो. हार, फर्माइशी, फोटो सगळं पुढे उभ्या असलेल्या गायकाचं. कार्यक्रम संपल्यावर सामान बांधायला सगळ्यात जास्त वेळ लागायचा तो आम्हाला. त्यामुळे एरिक कारबद्दल वाचलं तेव्हा ते मनाला लागलं. किस बँडमध्ये १९८० साली पीटर क्रिसच्या जागी आलेला हा ड्रमर, तोंडावर कोल्ह्याचा मेकअप करणारा. हृदयाच्या कर्करोगानं तो न्यूयॉर्कमध्ये गेला, एक्केचाळीस वर्षांचा, त्याच १९९१ च्या २४ नोव्हेंबरला. फ्रेडीच्या बातमीपुढे त्याची बातमी कोण वाचणार? मीही वाचली नव्हती.

तिसराही ड्रमरच. पीट बेस्ट, जन्म २४ नोव्हेंबर १९४१, गाव चक्क मद्रास. ऑगस्ट १९६२ मध्ये बीटल्सनी त्याला काढून रिंगो स्टारला घेतलं आणि ऑक्टोबरात त्यांची पहिली रेकॉर्ड बाजारात आली. १९९५ च्या ‘अँथॉलॉजी’च्या पहिल्या भागात पीटनं वाजवलेली जुनी गाणी घेतली, त्याचे त्याला बऱ्यापैकी पैसेही मिळाले. पण मुखपृष्ठ नीट बघा: जुन्या फोटोतलं पीटचं डोकं फाडून काढलंय आणि त्या भोकातून रिंगो हसतोय. पीट तेरा वर्षं थांबला. २००८ साली त्याच्या बँडनं ‘हेमन्स ग्रीन’ हा अल्बम काढला आणि मुखपृष्ठावर छापला तो फाडलेला तुकडा. ड्रमरच तो, कुठे थांबायचं आणि कुठे ठोका द्यायचा हे त्याला कुणी शिकवायला नको.