डोळ्यातले थेंब आणि चौविहार



चातुर्मासाआधी मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकून घ्यायचं, असं आपल्यातल्या बऱ्याच जणी ठरवतात. ऑपरेशननंतर लख्ख दिसू लागतं आणि दोन आठवड्यांत थेंबांचा कंटाळा येतो.

चाकणच्या माझ्या धाकट्या जाऊबाईंना मधुमेह आहे. त्यांनी पंधराव्या दिवशी थेंब आपणहून बंद केले. दिसत तर होतंच. शिवाय रोजचा चौविहार. रात्री थेंब घातला की घशाला कडू लागायचं आणि मनाला रुखरुख लागायची. पाचव्या आठवड्यात प्रतिक्रमणाच्या पुस्तकातल्या ओळी मधेच पुसट, वाकड्या दिसू लागल्या. चिंचवडला तपासणीला मी सोबत गेले. ओसीटी स्कॅनमध्ये डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज निघाली.

डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून समजावलं. शस्त्रक्रिया पुढच्या भागात होते, पण तिच्यामुळे डोळ्यात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी मागच्या पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि पडदा सुजतो. ही सूज बहुधा चार ते सहा आठवड्यांनी दिसते, म्हणजे आपण निर्धास्त झाल्यावर. आयर्विन नावाच्या डॉक्टरांनी 1953 मध्येच तिची नोंद केली होती. नेपाफेनॅक, ब्रोमफेनॅक, केटोरोलॅक हे थेंब ती द्रव्यं तयार होणं रोखतात. थेंब घेऊनही काहींना सूज येते, पण धोका कमी होतो. मधुमेह असेल तर धोका मुळातच जास्त, म्हणून थेंब जास्त दिवस चालतात.

आता चौविहाराचं. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलका दाबून ठेवायचा. औषध घशात फारसं उतरत नाही. दिवसातून तीनदाच असेल तर शेवटचा थेंब सूर्यास्ताआधी बसवता येतो का, हे डॉक्टरांना विचारा. पच्चक्खाणात आगार असतात, त्यात आजारपणाचाही विचार आहे. शंका असेल तर महासतीजींना विचारा. औषध सोडून मनाने ठरवू नका.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी मी जमाखर्चाच्या वहीसारखा तक्ता आखला होता: बाटलीचं नाव, वेळ, खूण. दोन बाटल्यांमध्ये पाच मिनिटं. हात धुतलेले, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. उरलेली बाटली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. हे थेंब विनाकारण फार दिवस घातले तर बुबुळाला इजा होऊ शकते आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो.

जाऊबाईंचे थेंब पुन्हा सुरू झाले. दोन महिन्यांनी सूज ओसरली, ओळी सरळ झाल्या. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. या वेळी थेंब बंद करायची तारीख त्यांनी आधीच डॉक्टरांकडून फाइलवर लिहून घेतली आहे. तुम्हीही घ्या.