मॉरिशसच्या नोंदवहीतला जातीचा रकाना आणि आपला बायोडाटा

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या ओळखीतल्या निदान चार बौद्ध जोडप्यांनी लग्नानंतर फिरायला मॉरिशस निवडलं. सीवूड्स-नेरुळ पट्ट्यात हे आता नवलाचं राहिलेलं नाही. आई धुणीभांडी करणारी, वडील माथाडी किंवा सफाई कामगार आणि पोरगा आयटीत, पोरगी बँकेत. घरातला पहिला पासपोर्ट यांचाच. भारतीयांना तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही, हप्त्यावर पॅकेज मिळतं, पोरं जातात. यावर आमच्या एका कार्यकर्त्याने ग्रुपवर टोमणा मारला की, समाज कुठे आणि हे समुद्रकिनारी कुठे!

मला हा टोमणा मान्य नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभं राहू दिलं नाही, त्यांच्या नातवंडांनी हिंदी महासागरात मनसोक्त डुंबावं. त्यात काटकसरीचे धडे देण्याचं काही कारण नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. ज्या बेटावर आपण लग्नानंतर जातो, ते बेट आपल्याला लग्नाबद्दलच एक महत्त्वाची गोष्ट सांगतं. ती गोष्ट पॅकेजमध्ये नसते, म्हणून इथे लिहिते.

मॉरिशसला मूळचे रहिवासी नव्हते. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिसचं नाव बेटाला दिलं. डोडो हा उडता न येणारा पक्षी त्यांच्याच काळात संपला. १७१० मध्ये डच निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला. मादागास्कर आणि मोझांबिकमधून पकडून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर बंदर, रस्ते आणि उसाचे मळे उभे राहिले. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, पण ऊस संपला नव्हता. मळेवाल्यांना हात हवे होते आणि ते हात हिंदुस्थानात स्वस्त मिळत होते.

१८३४ पासून करारावर मजूर नेणं सुरू झालं. यांनाच गिरमिटिया म्हणतात. सुमारे साडेचार लाख माणसं गेली. सर्वाधिक कलकत्त्याहून, मग मद्रासहून आणि आपल्या मुंबई बंदरातूनही. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे लोक बरेच होते. आजही तिथले मराठी लोक 'झाकरी' नाचतात. कोकणातल्या कुणालाही ती आपली जाखडी आहे हे लगेच ओळखू येईल.

करार कसा होता? पाच वर्षं बांधलेलं काम. एक दिवस कामावर नाही आलं तर दोन दिवसांचा पगार कापायचा. करार संपलेल्या मजुरालाही १८६७ च्या कायद्याने स्वतःचा फोटो लावलेला पास खिशात बाळगावा लागे. पास नाही तर भटका म्हणून अटक. १८७१ मध्ये अडोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या माणसाने मजुरांचा तक्रार अर्ज तयार केला, त्यावर नऊ हजारांहून जास्त मजुरांनी सह्या-अंगठे केले. पुढे लंडनला चौकशी आयोग नेमावा लागला. गिरमिटियांचा इतिहास हा फक्त रडगाण्याचा नाही, संघटित होण्याचाही आहे.

पोर्ट लुई बंदरात हे मजूर उतरत ती जागा म्हणजे आप्रवासी घाट. २००६ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवलं. येणाऱ्या प्रत्येक माणसाची नोंद होत असे. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. आणि जात. त्या नोंदवह्या आजही मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत. घर सुटलं, मुलूख सुटला, जातीचा रकाना मात्र बोटीतून उतरला.

आता मुद्द्याचं. समुद्र ओलांडला की जात बाटते, अशी सवर्णांची समजूत होती. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला बाटण्याचं काय भय? बोटीत चढणाऱ्यांत उच्च म्हणवणाऱ्या जातींचे लोक होते, शेतकरी जातींचे होते आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींचेही होते. आठवडेच्या आठवडे एकाच तळात झोपायचं, एकाच भटारखान्यातलं खायचं. 'जहाजी भाई' हे नवं नातं तिथे जन्माला आलं. बेटावर उतरल्यावर बलुतेदारी नव्हती, गावकुसाबाहेरचा वाडा नव्हता, वेगळी विहीर नव्हती. सगळ्यांच्या हातात कोयता एकच. आडनावंही गेली. बापाचं किंवा आजाचं पहिलं नाव इंग्रज-फ्रेंच कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं आणि तेच पुढे आडनाव झालं.

म्हणजे जात टिकवणाऱ्या ज्या गोष्टी आपण मोजतो, धंदा, वस्ती, शिवाशीव, आडनाव, त्या बऱ्याचशा गळून पडल्या. मग जात संपली का? नाही. भोजपुरी बोलणाऱ्या हिंदूंमध्ये 'महाराज', 'बाबूजी', 'वैश', 'राजपूत', 'रविवेद' असे गट उरले. त्यांच्या सभा उभ्या राहिल्या. रविवेद हे नाव तर चर्मकार ठरवल्या गेलेल्या लोकांनी संत रविदासांच्या वारशातून घेतलेलं. संविधानात जातीवरून भेदभावाला मनाई आहे, पण निवडणुकीत तिकिटं वाटताना तिची आठवण बरोबर होते. आणि लग्न ठरवताना तर होतेच.

९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवर निबंध वाचला. एमएला तो आम्हाला अभ्यासाला होता. जातीचं सार शिवाशिवीत किंवा धंद्यात नाही, जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, असं त्यांनी तिथे मांडलं. हिंदू जगभर पसरले तर जातही जगाचा प्रश्न बनेल, हा श्रीधर केतकरांचा इशाराही त्यांनी त्यात घेतला. मॉरिशस हा या सिद्धांताचा पुरावाच आहे. बाकी सगळं काढून घ्या, फक्त लग्नाचं कुंपण ठेवा, जात जिवंत राहते.

१९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा सगळी भिस्त साखरेवर होती. सत्तरच्या दशकापासून कापडाचे कारखाने आले, किनाऱ्यावर हॉटेलं आली. साखरेच्या मळ्यांचे मालक असलेली जुनी फ्रेंच घराणी हॉटेल धंद्यातही उतरली. २०१८ मध्ये सुमारे १४ लाख पर्यटक आले, देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. रोजगार मिळाला, शिक्षण-आरोग्यावर सरकारने खर्च केला, हे नाकारू नये. पण गुलामांचे वंशज असलेले क्रिओल लोक मागेच राहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा त्यांचा लाडका गायक पोलीस कोठडीत मेला आणि देशात दंगल उसळली. ज्या ले मॉर्न डोंगरावर पळालेले गुलाम लपून राहत, त्याच्या पायथ्याशी आज महागडी हॉटेलं आहेत. सेगा हे गुलामांचं गाणं-नाचणं. आता ते पाहुण्यांना जेवणासोबत दाखवतात.

हे आपल्याला परकं वाटायला नको. आपण राहतो ती नवी मुंबई आगरी-कोळ्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर उभी आहे. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईला लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. आज सीवूड्समध्ये घराच्या जाहिरातीत खाडी आणि फ्लेमिंगो असतात. करावे गावातला मच्छीमार त्या जाहिरातीत नसतो. जागा विकताना तिच्यावर राबलेला माणूस आधी चित्रातून काढतात, मळा असो की नोड.

महाराष्ट्राचे पुढारी मॉरिशसला जातात. २०२३ मध्ये तिथे शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, याचं आपल्याकडे मोठं कौतुक होतं. सातासमुद्रापार मराठी संस्कृती टिकली म्हणतात. टिकली, खरंच आहे. पण कोकणातून माणसं का निघाली, कुणाची जमीन नव्हती, कुणाला गावात पाणी नव्हतं, याची चर्चा त्या भाषणांत ऐकू येत नाही. संस्कृतीबरोबर आणखी काय काय टिकलं, हे तर कुणीच विचारत नाही.

आणि आपण? लग्नसराईत माझ्या मोबाइलवर रोज बायोडाटे येतात. वर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली 'बौद्ध' आणि कंसात जुनी जात. कुणी पोटजातही लिहितं. 'फक्त कोकणातले', 'विदर्भातले चालतील', 'मातंग-चर्मकार बौद्ध नको' असं कुणी फोनवर हळूच सांगतं. सामाजिक कामात मी आंतरजातीय जोडप्यांच्या घरी समजुतीला जाते. सवर्ण घरातला विरोध अपेक्षितच असतो. पण मुलगा मातंग आहे म्हणून बौद्ध आई-वडील अडून बसलेलेही मी पाहिले आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण धर्म सोडला, तो हा रकाना सोबत घेऊन जाण्यासाठी नव्हे.

इथे कुणी म्हणेल, मग दाखल्यावर जात का लिहिता? फरक साधा आहे. दाखल्यावरची जात हा झालेल्या अन्यायाचा हिशेब आहे. १९९० मध्ये बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या त्या याच हिशेबाने. तो हिशेब पुरा होईपर्यंत ती नोंद लागेल. बायोडाट्यातली जात हा हिशेब नाही, ते कुंपण आहे. दाखला सरकार मागतं. बायोडाट्यात लिहा म्हणून कुणाचीही सक्ती नाही. बंदरावरच्या त्या मजुराला तर कारकुनाने विचारलं म्हणून सांगावं लागलं होतं.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, मॉरिशसला जा. आप्रवासी घाटावर अर्धा दिवस काढा, ले मॉर्नकडे नुसता फोटोसाठी पाहू नका, हॉटेलात चादर बदलणाऱ्या बाईला तिचं नाव विचारा. पण त्याच्याही आधी, तुमच्या भावाचा, बहिणीचा किंवा तुमचा स्वतःचा बायोडाटा टाइप होत असेल तेव्हा तो रकाना कोरा ठेवा. आई-वडील रागावतील. त्यांच्याशी बसून बोला, एकदा नाही, चारदा. हे काम मोर्चापेक्षा अवघड आहे, कारण ते आपल्याच घरात करायचं आहे.

जय भीम.