सीमेपलीकडचं मैदान

गेल्या हिवाळ्यात मुलाकडे लोझानला होतो. जानेवारी २०२० मध्ये तिथं युवा हिवाळी ऑलिंपिक झालं. स्केटिंग, आइस हॉकी गावातच. पण उंच टेकडीवरून मारायच्या स्की-उड्या आणि स्कीवर धावत नेमबाजी करायची बायथलॉन मात्र चक्क फ्रान्समध्ये! शेजारी ले त्युफला तयार टेकडी आहे, मग नवी कशाला बांधायची, असा सरळ हिशोब. मला तेवढंच ठिकाण पाहायचं होतं.

न्योनहून छोटी रेल्वे डोंगर चढून ला क्युरला थांबते. तिथलं एक हॉटेल बरोबर सीमेवर आहे. एका खोलीत तर म्हणे सीमा पलंगावरूनच जाते! चार पावलं चाललो आणि आमच्या धारवाडच्या सूनबाई म्हणाल्या, "मामा, गडी दाटिद्वि!" मला कळलंच नव्हतं. कुणी अडवलं नाही, पासपोर्ट खिशातच.

कॉलेजात असताना सीमेवर गाड्या अडल्या आणि आमचा कागलचा कबड्डीचा सामना हुकला होता. संघात चौघे मराठी, तिघे कानडी. निपाणीच्या स्टँडवर सातही जण दिवसभर शेंगा खात बसलो. ते उगाच आठवलं.

पुढे टॅक्सीनं ले त्युफ. थंडीनं कान बधिर. दहा-बारा वर्षांची पोरं खांद्यावर स्की टाकून टेकडी चढत होती. कुठली स्विस, कुठली फ्रान्सची, काही कळेना. बोलत सगळी फ्रेंचच होती.